थर्मोस्टॅट पॅसेजमध्ये आणि आपण बेडरूममध्ये

रात्री दोन-अडीचला आई उठून बसायची. "अगं, इथे नुसतं उकडतंय, बघ ना जरा." मी पॅसेजमध्ये जाऊन बघायचे तर भिंतीवरचा थर्मोस्टॅट, म्हणजे घरभराच्या एसीला कधी चालू-बंद व्हायचं ते सांगणारा डबा, शांतपणे २४ दाखवतोय, म्हणजे त्याच्या लेखी सगळं आलबेल. असं महिनाभर चाललं. आधी मला वाटलं मशीन बिघडलंय, मग वाटलं थर्मोस्टॅट खोटं बोलतोय. तसं काहीच नव्हतं, तो अगदी खरं सांगत होता, फक्त पॅसेजबद्दल सांगत होता. आईच्या खोलीत त्याच वेळी २७ होतं, कारण त्या खोलीला पश्चिमेची भिंत आहे, ती दुपारभर तापते आणि रात्रभर ती उष्णता आत सोडत बसते, त्यात दार बंद.

हे एकदा डोक्यात बसलं ना की स्मार्ट थर्मोस्टॅट, रूम सेन्सर, अलेक्सा-गुगल हा सगळा पसारा समजायला एकदम सोपा जातो. कारण सगळं येऊन एकाच प्रश्नावर थांबतं: घरातल्या कुठल्या जागेचं तापमान, दिवसाच्या कुठल्या वेळी, मशीनने खरं धरायचं? बाकी आवाज, ॲप, रंगीत स्क्रीन हे नंतरचं.

आधी साधा थर्मोस्टॅट म्हणजे काय ते बघू. तो एक स्विच आहे, तापमान बघून चालू-बंद होणारा. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी असायची, एक धातू जास्त फुगतो आणि दुसरा कमी, त्यामुळे खोली तापली की पट्टी वाकते आणि वायर जोडली तरी जाते नाहीतर तुटते. हनीवेलचा तो प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट, १९५३ चा, त्यात अशीच पट्टी गुंडाळी करून बसवलेली होती. आताच्या थर्मोस्टॅटमध्ये त्याऐवजी थर्मिस्टर असतो, बोटाच्या नखाहून लहान तुकडा, गरम झाला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो आणि त्यावरून चिप तापमान काढते. काम मात्र तेच. तुम्ही २४ लावलं की तो साधारण साडेचोवीसच्या आसपास मशीन चालू करणार आणि तेवीस-साडेतेवीसला बंद करणार, मधली फट मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर दर मिनिटाला चालू-बंद होऊन कॉम्प्रेसरची वाट लागेल. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर काही मिनिटं परत चालू होऊ देत नाहीत तेही याचसाठी, त्यामुळे बटण दाबूनही लगेच हवा आली नाही तर घाबरू नका.

आणि हो, लवकर गार व्हावं म्हणून २४ हवं असताना १६ लावायची जी सवय आहे ना, ती सोडा. साधं मशीन चालू असतं किंवा बंद असतं, १६ लावल्याने ते जास्त जोरात गार करत नाही, फक्त थांबायचं विसरतं. इन्व्हर्टरवालं मशीन वेग कमी-जास्त करतं हे खरं, पण खोली तिशीला असेल तर ते २४ लावलं तरी सुरुवातीला जोरातच धावतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट याच्या इतिहासातली. अमेरिकेत वॉरन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक होते, त्यांच्या कॉलेजात वर्ग गरम ठेवायला तळघरातून उष्णता यायची आणि ती कमी-जास्त करायला माणूस दर थोड्या वेळाने वर्गात येऊन तापमान बघून जायचा, शिकवण्यात व्यत्यय. तर त्यांनी वर्गातलं तापमान वर्गातच मोजून तळघरातल्या माणसाला विजेच्या घंटीने कळवायची सोय केली, १८८३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. म्हणजे बघा, विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचा जन्मच मुळी रूम सेन्सर म्हणून झाला! माणसं बसतात त्या जागेवर मोजा आणि मशीन असेल तिथे निरोप पाठवा. नंतर आपण सोयीसाठी तो पॅसेजमध्ये नेऊन टांगला आणि मूळ मुद्दाच विसरलो.

मग स्मार्ट कशाला म्हणायचं? वायफायवर असतो, फोनवरून दिसतो, वेळापत्रक पाळतो, आणि घर किती वेळात गार किंवा गरम होतं हे बघून ठेवतो. हे शेवटचं फार कामाचं आहे. समजा त्याच्या लक्षात आलं की तुमच्या घराला एक डिग्री खाली यायला बारा मिनिटं लागतात आणि तुम्हाला सहा वाजता चार डिग्री कमी हवंय, तर तो पाच वाजून बारा मिनिटांनी स्वतःहून सुरू करेल, सहाला नाही. २०११ मध्ये नेस्ट या (आता गुगलच्या असलेल्या) कंपनीने सवयी शिकणारा थर्मोस्टॅट आणला तेव्हापासून हे सगळं लोकांना माहीत झालं, आणि २०१४ मध्ये इकोबी या दुसऱ्या कंपनीने सोबत वायरलेस रूम सेन्सर दिलेला थर्मोस्टॅट आणला, त्याच वर्षीच्या शेवटी ॲमेझॉनचा इको स्पीकर अलेक्साला घेऊन आला. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत या, पण दुकानात आणि जाहिरातीत एकत्र कालवून सांगतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

आता सेन्सर. काडेपेटीएवढा किंवा त्याहून जरा मोठा डबा, आत थर्मिस्टर, एक रेडिओ आणि बॅटरी. दर काही मिनिटांनी किंवा तापमान बदललं की तो थर्मोस्टॅटला कळवतो, बाकी वेळ झोपलेला असतो म्हणून बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. काहींमध्ये हालचाल ओळखायची सोयही असते, इकोबीच्या सेन्सरमध्ये आहे, नेस्टच्या छोट्या गोल सेन्सरमध्ये नाही, तो फक्त तापमान सांगतो. घेण्याआधी हा फरक बघून घ्या, बाहेरून सगळे सारखेच दिसतात. आणि एका कंपनीचा सेन्सर दुसऱ्या कंपनीच्या थर्मोस्टॅटला चालेलच असं अजिबात नाही.

सेन्सर लावल्यावर ॲपमध्ये दोन पर्याय दिसतात, एक म्हणजे अमुक सेन्सरचं तापमान धर, दुसरा म्हणजे सगळ्यांची सरासरी काढ. ऐकायला सरासरी न्याय्य वाटते, सगळ्यांचं ऐकल्यासारखं. मीही तेच केलं होतं. आता हिशोब बघा. हॉल २२.५, आईची खोली २७, सरासरी पावणेपंचवीस, लावलेलं २४, म्हणून मशीन चालू राहतं. थोड्या वेळाने हॉल २१.५ आणि आईची खोली २६.५ झाली, सरासरी बरोबर २४, मशीन बंद! थर्मोस्टॅट खूश. हॉलमध्ये बसलेला माणूस शाल शोधतोय आणि आईला अजून घाम फुटतोय. सरासरी २४ च्या खोलीत घरातलं कोणीच बसलेलं नसतं, ती खोली फक्त ॲपमध्ये असते.

म्हणून सरासरी फक्त तेव्हाच वापरा जेव्हा खोल्यांमध्ये एखाद्या डिग्रीचाच फरक आहे आणि दोन्हीकडे माणसं आहेत. नाहीतर वेळेनुसार खोली निवडा. दिवसा हॉल, रात्री झोपायची खोली. नेस्टचा २०१८ चा सेन्सर आला तेव्हा त्यात दिवसाचे चार भाग करून प्रत्येक भागाला एक सेन्सर नेमायची सोय होती. इकोबीत तेच काम घरी असताना, बाहेर असताना, झोपताना अशा ठेवणींमधून होतं, प्रत्येक ठेवणीत कुठले सेन्सर मोजायचे ते टिक करायचं. पाच मिनिटांचं काम आहे पण कितीतरी लोक सेन्सर भिंतीला चिकटवतात आणि हे टिक करायचंच राहून जातं, मग म्हणतात सेन्सरने काही फरक पडला नाही. पडणार कसा, त्याचं कोणी ऐकतच नाहीये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे विकणारे लोक मोकळेपणाने सांगत नाहीत म्हणून मी ठासून सांगते. सेन्सर फक्त बातमी देतो, हवा पाठवत नाही. घराला एकच मशीन असेल आणि डक्टमधून, म्हणजे हवेच्या मोठ्या नळांतून, सगळ्या खोल्यांत हवा जात असेल, तर आईच्या खोलीत सेन्सर ठेवल्याने तिच्या खोलीत जास्त गार हवा जाणार नाही, फक्त मशीन किती वेळ चालायचं ते तिच्या खोलीवरून ठरेल. तिची खोली २४ वर येईपर्यंत हॉल २१ वर जाईल. रात्री हॉलमध्ये कोणी नसतं म्हणून ते चालतं, पण दिवसा दोन्हीकडे माणसं असताना हा उपाय नाही. तेव्हा खरोखर हवा वाटून द्यायला डक्टमध्ये झडपा लागतात, प्रत्येक भागाला वेगळी, आणि त्या झडपा चालवणारी वेगळी यंत्रणा. काहीजण नको त्या खोल्यांच्या जाळ्या हाताने बंद करतात, एखादी अर्धवट बंद केली तर ठीक पण चार-पाच एकदम बंद केल्या की डक्टमधला दाब वाढतो आणि मशीनला त्रास होतो.

रेडिएटर, म्हणजे गरम पाणी खेळवून खोली तापवणारे भिंतीलगतचे पत्रे, असलेल्या घरात हे काम जास्त सुटसुटीत होतं. तिथे प्रत्येक रेडिएटरवर स्वतःचा वाल्व्ह असतो, डॅनफॉस कंपनीने १९४३ मध्येच आपोआप कमी-जास्त होणारा वाल्व्ह काढला होता, आता त्याच जागी बॅटरीवर चालणारा मोटर लावलेला स्मार्ट वाल्व्ह बसतो. तिथे मात्र खोली खरोखर वेगळी होते, या खोलीत २१, त्या खोलीत १७. फक्त एक गडबड, वाल्व्हमधला सेन्सर गरम रेडिएटरला चिकटूनच असतो त्यामुळे त्याला वाटतं खोली कधीच तापली, म्हणून तिथेही समोरच्या भिंतीवर वेगळा रूम सेन्सर ठेवला की बरंच सुधारतं.

आणि खोलीत स्वतंत्र स्प्लिट एसी असेल तर गोष्ट तिसरीच. तिथे प्रत्येक खोलीचं मशीन वेगळं आहेच, पण त्याचा सेन्सर असतो आतल्या युनिटमध्ये, वर छताजवळ, जिथे गरम हवा जमते. तुम्ही झोपता खाली. काही रिमोटमध्येच सेन्सर असतो आणि एक बटण दाबलं की एसी रिमोटजवळचं तापमान धरतो, मॅन्युअलमध्ये बघा, कित्येकांकडे हे असूनही माहीत नसतं. एसीला स्मार्ट करायला जो छोटा डबा मिळतो तो खरंतर दुसरा रिमोटच असतो, इन्फ्रारेडचे तेच सिग्नल सोडणारा. हे सिग्नल बहुतेक वेळा एकाच दिशेने जातात, एसी उलटून काही बोलत नाही, त्यामुळे कोणी हातातल्या रिमोटने बंद केलं तर ॲप बिचारं अजून चालूच दाखवत राहू शकतं.

सेन्सर ठेवायची जागा हा विषय लोक फार हलक्यात घेतात. मी पहिला सेन्सर आईच्या खोलीत वायफाय राउटरच्या वरच्या फळीवर ठेवला होता, जागा होती म्हणून. राउटर चोवीस तास कोमट असतो, त्याची ऊब वर जाते, सेन्सर खऱ्यापेक्षा अडीच डिग्री जास्त सांगत होता. म्हणजे खोली २४ ला आली तरी त्याला साडेसव्वीस दिसायचं आणि मशीन पहाटेपर्यंत थांबलंच नाही, आई पांघरुणात गुरफटून बसलेली. मला ती सकाळ अजून आठवते, फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी आधी सगळे सेन्सर आणि एक साधा थर्मामीटर टेबलावर शेजारी शेजारी तासभर ठेवते, पंखा आणि ऊन दोन्हीपासून लांब, आणि कोण किती वेगळं सांगतंय ते लिहून घेते. अर्धा डिग्री इकडे तिकडे चालतं, त्याहून जास्त असेल तर ॲपमध्ये तेवढा फरक वजा करायची सोय शोधायची.

जागा कशी हवी तर माणूस जिथे असतो त्या उंचीवर, बसायच्या खोलीत साधारण छातीएवढ्या उंचीवर, झोपायच्या खोलीत पलंगाच्या उंचीजवळ. आतली भिंत निवडा, बाहेरची भिंत उन्हाने तापते आणि थंडीत गार पडते. ऊन पडता कामा नये, अगदी सकाळची अर्ध्या तासाची तिरीपसुद्धा. टीव्हीच्या वर नको, दिव्याखाली नको, पडद्यामागे नको, आणि हवेच्या झोतात तर मुळीच नको, झोतात ठेवलेल्या सेन्सरला दोन मिनिटांत वाटतं झालं काम.

हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरबद्दल एक समजून घ्या. त्यात जो भाग असतो तो शरीरातून निघणारे इन्फ्रारेड किरण पकडतो, पण ते किरण हलले तरच. माणूस चालला, हात हलवला की कळतं. माणूस शांत बसला की तो सेन्सरच्या दृष्टीने खोलीतलं फर्निचर. आई दुपारी खिडकीशी पुस्तक घेऊन दोन-दोन तास बसते, पान उलटण्याशिवाय हालचाल नाही, आणि थर्मोस्टॅट ठरवायचा की घरात कोणी नाही, चला मशीन बंद. त्याच्या जोडीला फोनच्या लोकेशनवरून घर रिकामं आहे का हे ठरवणारी सोय चालू होती, आणि फोन माझा, मी बाहेर. म्हणजे दोन्ही पुरावे आईच्या विरुद्ध! ज्यांच्या घरी वयस्कर माणसं, लहान मुलं किंवा दिवसा झोपणारी माणसं आहेत त्यांनी ही आपोआप बाहेर-गेले-समजायची सोय बंदच ठेवा किंवा थांबायची वेळ भरपूर वाढवा. आता रडारवाले सेन्सर पण मिळतात, त्यांना श्वासाची हालचालसुद्धा कळते, पण ते बहुतेक सतत वायर लावूनच चालवावे लागतात.

आता आवाजाकडे येऊ. तुम्ही "अलेक्सा, सेट बेडरूम टू ट्वेंटी फोर" म्हणता तेव्हा नक्की काय होतं? स्पीकर कायम ऐकत असतो पण फक्त आपलं नाव ओळखण्यापुरता, ते काम त्याच्या आतच होतं. नाव ऐकलं की पुढचं वाक्य इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तिथे त्याचे शब्द होतात, शब्दांतून अर्थ काढतात की काय करायचंय, कुठल्या उपकरणावर आणि किती. मग तिथून थर्मोस्टॅट बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला निरोप जातो, तुम्ही सुरुवातीला दोन्ही अकाउंट जोडलेली असतात ती यासाठीच, आणि ती कंपनी तुमच्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला सांगते. शेजारच्या भिंतीपर्यंत जायला वाक्य केवढा प्रवास करून येतं, आणि तरी एक-दोन सेकंदात होतं. पण या साखळीतली एक कडी तुटली, नेट गेलं, पासवर्ड बदलला, सर्व्हर बंद पडला, की स्पीकर म्हणणार उपकरण सापडत नाही. त्या वेळी थर्मोस्टॅट बिघडलेला नसतो, भिंतीवरचं बटण चालतंच, घरातल्या प्रत्येकाला ते बटण कसं वापरायचं हे माहीत हवं.

आणि आता त्या वाक्यातला "बेडरूम" हा शब्द परत बघा. बेडरूममध्ये थर्मोस्टॅट नाहीये, सेन्सर आहे. स्पीकरला तुम्ही "बेडरूममध्ये किती तापमान आहे" विचारलंत तर सेन्सर जोडलेला असल्यास तो बरोबर सांगेल. पण "बेडरूम २४ कर" म्हणालात तर एकतर तो म्हणेल असा थर्मोस्टॅटच नाही, किंवा आख्ख्या घराचा थर्मोस्टॅट २४ करून मोकळा होईल आणि मोजेल कुठलं तापमान, तर त्या वेळच्या ठेवणीत जो सेन्सर टिक केलाय त्याचं. तुम्हाला वाटतं मी बेडरूमला सांगितलं, मशीन ऐकतंय हॉलचं. आवाजाने कुठला सेन्सर मोजायचा हे बहुतेक ठिकाणी बदलता येत नाही, ते ॲपमध्येच ठरवायचं. म्हणून आधी सेन्सर आणि वेळापत्रक नीट लावा आणि मग स्पीकर जोडा, उलट केलं की नुसता आरडाओरडा होतो.

नावं ठेवताना पण एक पथ्य. थर्मोस्टॅटचं नाव, खोलीच्या ग्रुपचं नाव आणि सेन्सरचं नाव तिन्ही "बेडरूम" ठेवू नका, स्पीकर अडखळतो. थर्मोस्टॅटला "घर" म्हणा, सेन्सरला "आईची खोली". आकडा सांगून बोला, "जरा गार कर" म्हटलं तर तो आपल्या मनाने ठरलेली एक-दोन डिग्री हलवतो आणि तेवढ्याने समाधान झालं नाही की माणूस चार वेळा तेच म्हणतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते मात्र वेगळ्याच जागी. तुम्ही आवाजाने तापमान बदललंत की थर्मोस्टॅट त्याला होल्ड मानतो, म्हणजे मालकाने स्वतः सांगितलंय, वेळापत्रक बाजूला ठेवा. हे होल्ड किती वेळ चालणार हे ॲपमधल्या एका सेटिंगवर असतं, वेळापत्रकातला पुढचा बदल येईपर्यंत, किंवा दोन-चार तास, किंवा मी परत सांगेपर्यंत. शेवटचा पर्याय चालू असेल तर मंगळवारी दुपारी सहज म्हटलेलं "२२ कर" शनिवारपर्यंत तसंच चालू राहतं, घरात कोणी असो नसो, आणि सगळे म्हणतात हा स्मार्ट थर्मोस्टॅट बिल वाढवतो. ते सेटिंग आजच उघडून बघा आणि "पुढच्या बदलापर्यंत" करून ठेवा.

आवाजाचा खरा उपयोग मला विचाराल तर माझ्यासारख्या हातीपायी धड असलेल्यांना कमीच आहे, फोन असतोच हातात. पण आईला रात्री अंधारात उठून पॅसेजमध्ये जाऊन ते बारीक आकडे वाचायला लागत नाहीत, पडल्या पडल्या विचारते किती आहे आणि एक डिग्री कमी कर म्हणते. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना नीट दिसत नाही, ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी हे खेळणं नाहीये.

बचतीबद्दल खूप काही ऐकाल. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं जुनं गणित आहे की दिवसातले आठ तास तापमान नेहमीपेक्षा ७ ते १० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४ ते साडेपाच सेल्सिअस मागे-पुढे ठेवलं तर हीटिंग-कूलिंगच्या वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत वाचू शकतं. यात थर्मोस्टॅट स्मार्टच हवा असं काही नाही, हाताने केलं तरी तेवढंच वाचतं, स्मार्टवाला फक्त विसरत नाही. लोक म्हणतात की परत गार किंवा गरम करताना सगळी बचत जाते, ते बरोबर नाही. आत-बाहेरच्या तापमानात जितका फरक जास्त तितकी उष्णता भिंतीतून जास्त वेगाने येते-जाते, त्यामुळे जितके तास तो फरक कमी राहिला तितके तास गळती कमी झाली, ती परत भरावी लागत नाही. अपवाद एक, हीट पंपवर, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून आत आणणाऱ्या मशीनवर, घर गरम होत असेल तर एकदम पाच डिग्री वर न्यायला सांगितलं की कित्येकदा मदतीचा विजेचा हीटर सुरू होतो आणि तो खादाड असतो, तिथे फरक लहान ठेवा.

बसवायच्या आधी जुन्या थर्मोस्टॅटचं झाकण काढून वायरींचा फोटो काढून ठेवा, अक्षरांसकट. जुन्या थर्मोस्टॅटला स्वतःला वीज फारशी लागत नव्हती, वायफायवाल्याला सतत लागते, त्यासाठी सी नावाची एक वायर असते आणि ती बऱ्याच घरांत जोडलेलीच नसते. काही थर्मोस्टॅट दुसऱ्या वायरींतून थोडी थोडी वीज ओढून भागवतात, पण मग कधी बॅटरी उतरते, कधी मशीन विचित्र वागतं. आणि ही सगळी २४ व्होल्टची गोष्ट झाली. भिंतीतून जाड वायरी येत असतील, थेट मेनलाइनवर चालणारे हीटर असतील, तर हे थर्मोस्टॅट तिथे लावायचेच नाहीत, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

घेताना मॅटर हे नाव दिसेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेली ही एक सामाईक भाषा आहे, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घरातल्या घरात एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून. चांगली गोष्ट आहे, पण तिच्यातून साधारण मूळ गोष्टीच पलीकडे जातात, आत्ता किती आहे, किती हवंय, गार की गरम. कुठला सेन्सर कधी मोजायचा हे अजून बहुतेक वेळा कंपनीच्या ॲपमध्येच राहतं. आणि ते ॲप कायम राहील असं धरू नका. नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा ॲप आणि इंटरनेटचा आधार गुगलने २५ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला, भिंतीवरून ते चालतात पण फोनवरून आणि आवाजाने नाही. म्हणून नेट नसताना काय काय चालतं हे खोक्यावर लिहिलेल्या फीचर्सपेक्षा आधी विचारा. तसंच घरात कोण कधी असतं-नसतं हे सेन्सरला नेमकं कळतं, ती माहिती ॲपमधून कोणाकोणाला दिसते ते बघा, अकाउंटला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, आणि घर सोडून गेलेल्या भाडेकरूचा किंवा नातेवाइकाचा ॲक्सेस काढायला विसरू नका.

हे सगळं विकत घ्यायच्या आधी एक करा. तीन-चार साधे डिजिटल थर्मामीटर आणा, प्रत्येक खोलीत एक ठेवा आणि आठवडाभर सकाळी, दुपारी आणि झोपताना आकडे वहीत लिहा. खोल्याखोल्यांत एखाद्या डिग्रीचाच फरक निघाला तर सेन्सरवर पैसे घालवू नका. एकाच खोलीत रात्री बाकीच्यांपेक्षा तीन डिग्रीचा फरक दिसला तर एक सेन्सर पुरेल. आणि एकाच वेळी दोन भरलेल्या खोल्यांत चार-चारचा फरक असेल तर सेन्सर कितीही लावा, तिथे झडपा, वेगळं मशीन किंवा आधी त्या भिंतीवर सावली हवी.

आमच्या वहीत रात्री तीन डिग्रीचा फरक निघाला. आता रात्री दहा ते सकाळी सहा फक्त आईच्या खोलीतला सेन्सर मोजला जातो, पलंगाशेजारच्या आतल्या भिंतीवर आहे तो, आणि दुपारची ठेवणी वेगळी आहे जी घर रिकामं समजत नाही. शिवाय पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून जाड पडदा टाकला, त्याने संध्याकाळी जवळपास एक डिग्री कमी झाली. रात्री दोनला पॅसेजमधला थर्मोस्टॅट त्याच्या स्वतःच्या जागेचं बघितलं तर २१.५ असतो, आईच्या खोलीत २४, आणि ती झोपलेली असते.